तिसरं रीडिंग

लाल पेन्सिलीची रेघ मारून झाली आणि मग मी आकडा वाचला. ९७८.१. त्याच्यावरून डावीकडून उजवीकडे गेलेली, थोडी चढती, सरावाची रेघ, आणि रेघेच्या वर माझ्याच अक्षरात ९८०. 'पुन्हा करा' लिहायला पेन्सिल कागदाला टेकली होती, तिचा एक लाल ठिपकाही उमटला होता, आणि तिथे ती थांबली. मार्चमधली दुपार, तीनचा सुमार, प्रयोगशाळेला लागून असलेली माझी अरुंद खोली, टेबलावर मुलांच्या प्रयोगांची त्रेचाळीस रेकॉर्ड बुकं. त्यातली सव्वीस तपासून झाली होती आणि सव्वीसही जणांच्या लंबकाने ९८०, ९८०.२, ९७९.८ अशी उत्तरं दिली होती. बाहेरचा परीक्षक सोमवारी येणार, त्याआधी प्रत्येक रेकॉर्डवर डेमॉन्स्ट्रेटरची, म्हणजे माझी, सही हवी. तेव्हा शेवटचा आकडा बघायचा, आलेख सरळ आहे ना ते बघायचं, आणि सही ठोकायची, असं चाललं होतं. अम्मा सुपातले खडे काढते तेव्हा तिचे डोळे रस्त्यावर असतात. बोटांना खडा लागला की बोटंच तो उडवतात. माझ्या बोटांना ९७८.१ हा खडा लागला होता.

वरून सोडलेल्या वस्तूचा वेग दर सेकंदाला कितीने वाढतो, तो हा आकडा, सेंटिमीटरांत. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे आणि स्वतःभोवती फिरते, त्यामुळे तो सगळीकडे सारखा नसतो. लंडनला ९८१ आणि वर थोडा. विषुववृत्ताकडे येत गेलं की कमी होत जातो. तंजावरात तो ९७८ आणि वर थोडा आहे. आमच्या पाठ्यपुस्तकात ९८० छापलेला आहे, आणि म्हणून आमच्या कॉलेजात दर वर्षी चाळीस मुलांच्या हातात पृथ्वी ९८० नेच ओढते. या आकड्यापायी माझा पहिला वर्ग गेला, पहिल्या वर्गाबरोबर मद्रासला एम.एस्सी.ची जागा गेली, आणि मी जिथे शिकलो त्याच प्रयोगशाळेत लंबक टांगून देण्याची नोकरी करत राहिलो. चार वर्षं मी स्वतःला सांगत आलो होतो की गेलं ते गेलं, पण एक गोष्ट मी कुणी न सांगता शिकलो आणि तिची किंमत दिली. माझं म्हणावं असं तेवढंच होतं. आणि आज ते दुसऱ्या कुणाला तरी सापडलं होतं, आणि मी ते खोडलं होतं.

लाजेच्या मागोमाग आनंद आला, आणि तो लाजेपेक्षा मोठा होता, हे मला कबूल केलं पाहिजे. मी रेकॉर्डचं वेष्टण उलटून नाव पाहिलं. नटराज. शेवटच्या बाकावरचा, ओरत्तनाडूहून बसने येणारा, कायम दहा मिनिटं उशिरा, शर्टाच्या खिशात दोन पेनं. याच्याविषयी मी कधी काही विचार केला नव्हता. त्याने दोनशे झोके मोजले असतील का? मी पान उलटून बघितलं नाही. आधी माफी मागायची, मग बघायचं, असं ठरवलं. शिपायाला म्हटलं, तिसऱ्या वर्षाच्या नटराजला बोलावून आण. तो गेला. व्हरांड्यात त्याच्या चपला वाजत लांब गेल्या, आणि मी त्या मिटलेल्या तपकिरी वेष्टणावर हात ठेवून बसलो. बसमधून उतरताना याला कोणी विचारत असेल, काय रे, एवढं काय वाचतोस, परीक्षेला आहे का ते? आणि हा म्हणत असेल, नाही.

मला सेतुमाधवरावांनी तसं विचारलं होतं. ते कॉलेजचे ग्रंथपाल, आमच्यापैकीच, म्हणजे तंजावरचे मराठी, संदर्भग्रंथांच्या कपाटाची किल्ली त्यांच्या वेष्टीच्या, म्हणजे धोतराच्या, गाठीत असायची. कॉलेजात सगळ्यांशी इंग्रजी आणि तमिळ, माझ्याशी मात्र आवाज खाली आणून मराठी. जशी काही ती कपाटातलीच वस्तू. "कोणत्या पेपराला लागतं हे?" "कोणत्याच नाही." "मग कायला?" पेपराला न लागणारी गोष्ट कशाला हवी, हे सांगायला माझ्याजवळ कुठल्याच भाषेत शब्द नव्हते, कारण तोवर मी पेपराला न लागणारं काही केलंच नव्हतं. प्रोफेसर नोट्स सांगायचे, आम्ही उतरवायचो. वरच्या वर्गातल्या मुलांची रेकॉर्ड बुकं यायची, तीही उतरवायचो. यात गैर काही आहे असं मला घरूनही कधी कळलं नसतं. अप्पा, म्हणजे माझे वडील बाळकृष्णराव, रजिस्ट्रेशन कचेरीत नकलनवीस होते. एकतीस वर्षं लोकांचे दस्त सरकारी वहीत हाताने उतरवत होते, आणि एकतीस वर्षांत एक अक्षर इकडचं तिकडे झालं नाही, हा त्यांचा अभिमान होता. मूळ दस्तात चूक असली तर? मी लहानपणी विचारलं होतं. "चूक बी उतरवायची. खाडाखोड असली तर खाडाखोड बी. आम्ही कोण दुरुस्त करायला? दस्त त्यांचा, हात आमचा."

तिसऱ्या वर्षाला असताना लंबकाच्या प्रयोगात माझ्या पन्नास झोक्यांच्या रीडिंगांची सरासरी ९७८.४ आली. शेजारच्या टेबलावर ९८० यायला लागले होते, तमिळमध्ये कुजबुज चालली होती, "तुला किती पाहिजे? दीडेक वाढव." मी वाढवलं नाही. तत्त्व वगैरे काही नव्हतं. बेल झाली आणि वेळ उरला नाही, एवढंच. प्रोफेसर कृष्णस्वामींनी ते खोडून वर ९८० लिहिलं, लाल पेन्सिलीने, रेघ थोडी चढती. ती रेघ मला लागली. कशी लागली हे सांगणं अवघड आहे. सगळे जेवत असताना एकाच्याच पानातून वाढलेलं काढून घ्यावं, तसं काहीतरी. मी घरी आलो, तिण्णैवर, म्हणजे आमच्या पुढच्या ओट्यावर, बसून हिशेब मांडला. स्टॉपवॉचचा एक भाग म्हणजे सेकंदाचा पाचवा हिस्सा. पन्नास झोक्यांत एक भाग चुकला तर उत्तर चाराने सरकतं. म्हणजे पन्नास झोक्यांनी ९७८ ही खरं ठरत नाही आणि ९८० ही ठरत नाही. हे इतकं सोपं होतं आणि आम्हांला कोणी सांगितलं नव्हतं. दोनशे झोके मोजले तर? तर दोन्ही आकड्यांमध्ये दोन भागांचं अंतर पडतं: मीटरभर दोऱ्याला एकीकडे ४०१.४ सेकंद, दुसरीकडे ४०१.८. दोन भाग डोळ्याला दिसतात. त्या संध्याकाळी कावेरीच्या कालव्यावरून येणारा वारा, समोरच्या घरातला तालाचा हिशेब सांगणारा बायकी आवाज, अम्माने दोनदा मारलेली हाक, सगळं मला आजही आठवतं, कारण ती पहिली संध्याकाळ जेव्हा मी कुणाच्या मागून चाललो नव्हतो.

मग चार शनिवार. कॉलेज अर्धा दिवस असायचं, प्रयोगशाळेची किल्ली शिपाई देई, मी एकटा दोनशे मोजायचो. आणि मग सेतुमाधवरावांचं कपाट, जाडजूड संदर्भग्रंथ, त्यात अक्षांशाप्रमाणे गुरुत्वाचा तक्ता. तंजावर दहा अंश सत्तेचाळीस मिनिटं. सूत्रात घातलं: ९७८.२. माझं आलं होतं ९७८.१. एक दोरा, एक पितळी गोळा, एक शिसपेन्सिल, आणि पलीकडे कुठल्या तरी देशातल्या लोकांनी मांडलेला तक्ता, आणि दोघं एकाच जागी येऊन उभे. मी त्या बाकावर बसून हसलो होतो. सेतुमाधवराव म्हणाले, "हळू रे. लेंकरं अभ्यास करतात."

वही घेऊन मी प्रोफेसर कृष्णस्वामींकडे गेलो. ते तपकीर ओढून रुमाल शोधत होते. मी तक्ता सांगितला, अक्षांश सांगितला. ते म्हणाले, "मला ठाऊक आहे." "सार?" "बावीस वर्षं ठाऊक आहे. मद्रासहून येणाऱ्या परीक्षकाला ठाऊक आहे. पण त्याच्या हातातल्या कागदावर ९८० आहे, आणि त्याला एका दिवसात साठ मुलं तपासायची आहेत. तू ९८० लिही, पहिल्या वर्गात पास हो, मग जन्मभर ९७८ म्हण. कोण अडवतंय?" त्यांनी माझी वही ओढून घेतली, ती रीडिंगं बराच वेळ पाहिली, आणि वही परत देताना म्हणाले, "हात फारच स्थिर आहे तुझा, शेषगिरी." ते वाक्य मी जपून ठेवलं. तेवढं एक कौतुक त्यांनी केलं, असं मी मनात धरून होतो.

शेवटच्या परीक्षेत चिठ्ठी उचलली तर लंबकच निघाला. मी ९७८ लिहिलं. परीक्षकाने विचारलं, "हे काय?" मी अक्षांश सांगायला लागलो, तो घड्याळ बघत होता. चार गुणांनी पहिला वर्ग गेला. अप्पांनी निकाल वाचला, कागदाची चौपदरी घडी घातली. "शेषा, एक आंकडा होता की रे. तोही दुसऱ्याचा. उतरवून टाकायला तुज काय जड झालं?" मी म्हणालो, "अप्पा, तो खरा नव्हता." "खरा!" अप्पा म्हणाले. "एकतीस वर्षं मी खोटे दस्त उतरवलों. जमीन कुणाची हे मज ठाऊक, तरी उतरवलों. त्याच भातावर तुझी फी भरलों. बस, जेव." नंतर ताक वाढताना अम्मा फक्त म्हणाली, "राहूं दे हो. लेंकराच्या मनाला पटलं नाही." मनाला पटणं आणि मोजून येणं यांत फरक आहे, हे मी तिला समजावून सांगायला लागलो होतो. तिने ऐकून घेतलं होतं.

नटराज दारात उभा होता. मी त्याला आत बोलावलं, स्टूल दाखवलं. तो बसला नाही. रेकॉर्ड माझ्यापुढे पाहून त्याच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग ती रेघ दिसली तशी भीतीच्या जागी गोंधळ.

"नटराज, ही रेघ माझ्याकडून चुकून मारली गेली," मी म्हणालो. "तुझं उत्तर बरोबर आहे. मला एवढंच विचारायचं होतं, दोनशे झोके मोजायचं तुला कसं सुचलं?"

"दोनशे?" तो म्हणाला. "हो. दोनशे, सार."

"कुणी सांगितलं?"

त्याने दाराकडे बघितलं. मी पान उलटलं, त्याला धीर यावा म्हणून, माझ्या आनंदाला जरा बघता यावं म्हणून. नीट आखलेला तक्ता होता. रीडिंग एक, ४०१.८. दोन, ४०१.८. तीन, ४०१.४, आणि त्याच्यावर काट. शेजारी बारीक अक्षरात: खिडकीवर कावळा बसला, मोजणी चुकली, रीडिंग सोडलं. चार, ४०१.८. पाच, ४०१.८.

कावळ्याच्या ओळीवर माझं बोट थांबलं, तसा नटराज बोलायला लागला.

"रागावू नका, सार. हे तुमचंच आहे. तुम्ही सुब्रह्मण्यला दिलेलं, त्याने पुढे दिलं, ते आमच्यापर्यंत आलं. हॉस्टेलात एक प्रत फिरते, पण तिच्यातला शेवटचा आकडा आजवर कुणी तसाच ठेवला नव्हता. मला सगळे म्हणाले, ९८० लिहिलंस तर सार चुका काढू शकतात, पण स्वतःचं कोण खोडेल? सेफ आहे." मग त्याला हसू आवरेना. "आणि सार, तुम्ही खोडलंतच की!"

मी पण हसलो बहुतेक. सुब्रह्मण्यला मी रेकॉर्ड दिलं होतं ते खरं. माझी शेवटची परीक्षा झाल्यावर, खालच्या वर्गात पहिला येणारा तो मुलगा मागायला आला तेव्हा म्हणालो होतो, उतरवू नकोस, कसं केलंय ते बघ. माझा दस्त, त्यांचे हात. त्यांनी चूक उतरवली होती, काट उतरवली होती, कावळाही उतरवला होता. अप्पांनी यातल्या कुणालाही कचेरीत ठेवून घेतलं असतं. चार वर्षं हा कावळा हॉस्टेलच्या खोल्यांमधून एका वहीतून दुसऱ्या वहीत जाऊन बसत होता. हे हसण्यासारखंच होतं, आणि मी हसत असताना माझे डोळे त्या पाच ओळींवरून आपोआप पुन्हा खाली उतरले. चार वर्षांत या डोळ्यांना एक गोष्ट येऊ लागली आहे: शिजवलेली, म्हणजे उत्तरावरून बेतलेली, रीडिंगं त्यांना लांबून कळतात. खरी रीडिंगं पुढेमागे होतात. अंगठा सुरू करताना एक भाग लवकर पडतो, थांबवताना एक भाग उशिरा. सहा-सात मिनिटं डोळे गोळ्यावर ठेवून दोनशे मोजणारा माणूस चार वेळा तंतोतंत ४०१.८ वर थांबत नाही. कुणीच नाही. ही रीडिंगं मी दुसऱ्या कुणाच्या वहीत पाहिली असती तर उत्तर न बघताच बाजूला काढली असती.

हात फारच स्थिर आहे तुझा, शेषगिरी.

मग मी आठवू लागलो, आणि हळूहळू, प्रयोगाच्या वहीत पान मागे उलटावं तसं. चार शनिवार आधी, की तक्ता आधी? मी नेहमी सांगत आलो होतो की शनिवार आधी. सुब्रह्मण्यला तसं सांगितलं, अप्पांना तसं सांगितलं, स्वतःलाही. पण त्या वर्षी सरस्वतीपूजेला अम्माने घरातली सगळी पुस्तकं देवापुढे रचली होती, वर हळदकुंकू, त्या दिवशी वाचायचं नाही, आणि माझी एक वही मी मागत होतो. नुसतं एकदा बघायचं होतं, तक्ता बरोबर उतरवला आहे का ते. "उद्यां घे," अम्मा म्हणाली. "आज देवीला वाचूं दे." म्हणजे तक्ता सरस्वतीपूजेच्या आधी माझ्या वहीत होता. आणि प्रयोगशाळेची किल्ली मला मिळाली ती विजयादशमीनंतरच्या शनिवारी. सुट्टी होती, शिपाई गावाला गेला होता, तोवर मिळणं शक्यच नव्हतं. पहिल्या झोक्याच्या आधी मला उत्तर माहीत होतं. मला ४०१.८ हवं होतं. अंगठ्याला ते ठाऊक होतं. शेजारच्या टेबलावरच्या मुलांना ९८० हवं होतं आणि त्यांना ते मिळालं. मला ९७८ हवं होतं आणि मला ते मिळालं. फरक इतकाच की त्यांना आपण काय करतो आहोत ते कळत होतं. आकडा खरा आहे, तो तक्त्यात आहे, आजही आहे. मी तो मोजला, याला मात्र कुठे पुरावा नाही. मीही उतरवलाच होता, फक्त जास्त जाड पुस्तकातून.

आणि तिसरं रीडिंग ४०१.४. पाचांतलं तेवढं एकच ९८० चं, आणि नेमकं तेवढंच सोडलेलं. मी कावळा आठवायचा प्रयत्न केला. बाक आठवला, गोळ्याच्या पितळेवर पडणारी उजेडाची तिरीप आठवली, अंगठ्याखाली स्टॉपवॉचची खाच आठवली. कावळा आठवला तो अक्षरांत: खिडकीवर कावळा बसला. मी उठून दारातून प्रयोगशाळेत पाहिलं. लंबकाच्या बाकाजवळ खिडकी आहे. डबे खाऊन मुलं तिथे हात झटकतात, त्यामुळे कावळेही येतात. एक आत्ताही होता. यावरून काहीच ठरत नव्हतं.

"सार," मागून नटराज म्हणाला. माझं उठून जाणं त्याने रागाचं धरलं असावं, आणि तो मदत करायला बघत होता. "९८० पाहिजे तर सोपं आहे. तिसरं रीडिंग ९८० चंच आहे ना? तेवढं ठेवतो, बाकीच्या चारांना कावळा लावतो." मग जरा थांबून, खरंच विचार करून, "चार वेळा कावळा जास्त होईल का, सार? एकाला पाल लावू?"

"नको," मी म्हणालो. "जसं आहे तसं राहू दे."

मी बसलो. पान सरळ केलं. खोडलेल्या ९७८.१ च्या आणि लाल ९८० च्या खाली माझी पूर्ण सही केली, तारीख घातली. नटराजने रेकॉर्ड उचललं, शाई वाळावी म्हणून पानावर फुंकर घातली, आणि दारापर्यंत जाऊन वळला.

"सार, खालच्या वर्गातला एक जण मागतोय हे. त्याला दिलं तर ही लाल रेघ पण उतरवायला सांगू ना?"

"सांग," मी म्हणालो, आणि सत्ताविसावं रेकॉर्ड बाजूला गेलं होतं म्हणून अठ्ठाविसावं ओढलं. ९८०.१. सही केली.